ब्रँड, जेनेरिक की चिठ्ठीशिवायची गोळी? आधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना रक्तदाब, थायरॉइड आणि आकडी अशा तिन्हींच्या गोळ्या कायमच्या चालू आहेत. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहून दिलं, औषधविक्रेत्याने त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची जेनेरिक गोळी पुढे केली. शिवाय सर्दी, अंगदुखी, पित्त यांसाठी घरातले सगळे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या आपापल्या मनाने घेतात. या तीन प्रकारांत चांगलं कुठलं? जेनेरिक कमी ताकदीचं असतं का? आणि चिठ्ठी लागत नाही म्हणजे औषध निर्धोक समजायचं का?

आधी एक गुंता सोडवू. हे तीन प्रकार एका रांगेत उभे करून तुलना करताच येत नाही, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. चिठ्ठी लागते की नाही, हा देखरेखीचा प्रश्न: हे औषध डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायला हवं का? ब्रँड की जेनेरिक, हा ते कोणी बनवलं आणि कोणत्या नावाने विकलं याचा प्रश्न. त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी ब्रँडची असू शकते तशी जेनेरिकही असू शकते, आणि चिठ्ठीवरच्या गोळीचंही तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक औषधांच्या बाबतीत ब्रँड की जेनेरिक यावर लोक जितका जीव टांगणीला लावतात तितकं त्यात काही नसतं. जोखीम असते ती दोन ठिकाणी. आत काय आहे ते न वाचता घेतलेल्या चिठ्ठीशिवायच्या गोळ्यांत, आणि मोजक्या नाजूक औषधांची कंपनी दर खेपेला बदलत राहण्यात. तुमच्या घरात दोन्ही आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

खोक्यावर दोन नावं असतात. मोठ्या रंगीत अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं, तिच्या मालकीचं. त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं ते घटकाचं नाव: पॅरासिटामॉल, अ‍ॅम्लोडिपिन, लेव्होथायरॉक्सिन. घटकांची नावं जगभर एकच राहावीत म्हणून ती जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ठरतात. त्यांची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. या नावांच्या शेपट्या ओळखायला शिकलात तर अर्धं काम होतं. ‘-प्रिल’, ‘-सार्टान’ आणि ‘-ओलॉल’ ही बहुधा रक्तदाबाची किंवा हृदयाची, ‘-प्राझोल’ बहुधा पोटातलं आम्ल कमी करणारी, ‘-स्टॅटिन’ बहुधा कोलेस्टेरॉलची. एकाच शेपटीची दोन औषधं दोन वेगळ्या डॉक्टरांकडून आलेली दिसली, तर थांबून विचारायला हवं. काही नावं मात्र देशागणिक बदलतात. पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. परदेशाहून कुणी आणून दिलेली गोळी आणि घरातली गोळी एकच निघते आणि नकळत दुप्पट डोस जातो तो असा.

नावाच्या पुढची ताकद आणि त्यापुढची एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरंही औषधाचाच भाग समजा. ही अक्षरं म्हणजे गोळी पोटात हळूहळू, तासन्‌तास औषध सोडत राहणार. अशी गोळी चिरडली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. घटक तोच, ताकद तीच, पण अक्षरं वेगळी असतील तर ते औषध एकमेकांच्या जागी चालत नाही.

आता जेनेरिक आलं कुठून ते पाहू. नवं औषध शोधणारी कंपनी त्याचं पेटंट घेते. त्याची मुदत अर्ज केल्या दिवसापासून वीस वर्षं, पण त्यातली बरीच वर्षं प्राण्यांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्यांतच जातात, त्यामुळे बाजारात एकट्याने विकायला उरतात ती कमीच. पेटंट संपलं की इतरांनाही तो घटक बनवता येतो. इतरांनी पुन्हा हजारो रुग्णांवर चाचण्या करायच्या का, यावर अमेरिकेने १९८४ मध्ये हॅच-वॅक्समन कायद्याने उत्तर दिलं: गुण आणि सुरक्षितता आधीच सिद्ध झाली आहे, तुम्ही फक्त तुमची गोळी रक्तात मूळ गोळीइतकंच औषध, त्याच वेगाने पोहोचवते हे दाखवा. जगातल्या बहुतेक औषध नियामकांनी पुढे याच धर्तीवर नियम बांधले. जेनेरिक स्वस्त पडतं ते या वाचलेल्या खर्चामुळे आणि एकाच घटकासाठी दहा कंपन्या भांडत असल्यामुळे. आतला घटक हलका असतो म्हणून नव्हे. कित्येकदा तर मूळ कंपनी स्वतःच तीच गोळी, त्याच कारखान्यातून, ब्रँडचं नाव न लावता विकते.

‘जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असलं तरी चालतं’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून, एखाददुसऱ्या डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. याचं मूळ ८० ते १२५ टक्के या मर्यादेत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळी भीती तिथूनच निघते.

गोळीत भरलेल्या औषधाशी या आकड्यांचा काही संबंध नाही. गोळीत किती घटक असावा याच्या मर्यादा औषधकोशात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, दिलेल्या असतात, पुष्कळदा लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ किंवा ९० ते ११० टक्के, आणि त्या ब्रँडला व जेनेरिकला सारख्याच लागू होतात. ८० ते १२५ हा हिशेब रक्ताचा आहे. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक घेतात. निम्म्यांना आधी ब्रँडची गोळी, निम्म्यांना आधी जेनेरिक. मग दिवसभर ठरावीक वेळांनी रक्त काढत राहायचं, पहिल्या काही तासांत तर फार थोड्या अंतराने. पहिलं औषध शरीरातून पूर्ण निघून जाईपर्यंत मध्ये खंड ठेवायचा आणि मग गट उलटे करायचे. म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. मोजायच्या गोष्टी दोन: रक्तातली पातळी जास्तीत जास्त किती चढली, आणि एकूण किती औषध रक्तात पोहोचलं. जेनेरिक भागिले ब्रँड असं गुणोत्तर काढायचं.

यातली मेख अशी की ८० ते १२५ च्या आत फक्त सरासरी येऊन भागत नाही. सरासरीभोवतीचा जो अनिश्चिततेचा पट्टा असतो, संख्याशास्त्रात ज्याला ९० टक्के विश्वासपट्टा म्हणतात, तो अख्खा त्या दोन रेघांच्या आत बसावा लागतो. सरासरीच ८२ वर आली तर पट्ट्याचं खालचं टोक बहुधा ८० च्या खाली घसरतं आणि गोळी नापास होते. पास व्हायचं तर सरासरी शंभराच्या आसपासच असावी लागते. (खाली २० आणि वर २५ असा लंगडा आकडा का, असं वाटेल. गुणोत्तर आहे म्हणून. १०० ला ८० ने भागलं की १२५ टक्केच येतात.) अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळात मंजूर झालेल्या तोंडावाटे घ्यायच्या जेनेरिकच्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या. सर्वोच्च पातळीतला सरासरी फरक निघाला ४.३५ टक्के, एकूण शोषणातला ३.५६ टक्के. एकच ब्रँडची गोळी एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या दिवशी दिली तरी रक्तातले आकडे हुबेहूब जुळत नाहीत, हे लक्षात घेतलं की या फरकाचं वजन कळतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मूळ कंपनीने कृती किंवा कारखाना बदलला, की मोठ्या बदलासाठी तिलाही याच परीक्षेला बसावं लागतं. तेव्हा ‘वीस वर्षांपूर्वीचा तो अस्सल ब्रँड’ म्हणून आपण जे विकत घेतो, ते पुष्कळदा स्वतःच्याच जुन्या रूपाशी तुलना करून पास झालेलं असतं.

मग जेनेरिक बदललं की काहींना त्रास होतो, तो सगळाच मनाचा खेळ का? नाही. घटक समान असला तरी गोळीतली बाकीची सामग्री वेगळी असू शकते: भरण, बांधणी, रंग, गोडी. कुणाला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नाही, कुणाला एखाद्या रंगाने अंगावर पित्त उठतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना अ‍ॅस्पार्टेम ही कृत्रिम साखर चालत नाही. हे लेबलवर वाचता येतं. याहून मोठी भानगड होते ती भरणाने शोषणच बदललं तर.

याचं शिकवण्याजोगं उदाहरण आकडीच्याच औषधाचं आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं भरण बदललं गेलं, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. फेनिटॉइन तितकंच. पण रोजच्याच डोसवर असलेले रुग्ण झोकांड्या खाऊ लागले, त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. तपासलं तर रक्तातलं फेनिटॉइन विषारी पातळीला गेलेलं. जुन्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट औषधाचं शोषण अडवून धरत होतं आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं डोस त्याच हिशेबाने बसवले होते. अडसर निघाला आणि पूर्ण औषध रक्तात गेलं. त्यात फेनिटॉइनचा स्वभाव विचित्र. यकृत ते एका ठरावीक वेगानेच मोडू शकतं. ती मर्यादा गाठली की डोस जरासा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. दुसऱ्या एखाद्या औषधात हाच बदल कुणाच्या लक्षातही आला नसता.

थायरॉइडचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये लेव्होथायरॉक्सिनच्या एका ब्रँडने लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड घातलं. खोक्यावर नाव तेच, कंपनीही तीच. हजारो रुग्णांनी थकवा, डोकेदुखी, केस गळणं अशा तक्रारी केल्या आणि शेवटी सरकारला जुन्या कृतीच्या गोळ्या काही काळ पुन्हा आणवाव्या लागल्या.

गंमत बघा. जेनेरिकच्या विरोधात जे सांगितलं जातं त्याला सर्वांत घट्ट आधार देणाऱ्या या दोन घटना, आणि दोन्हींत बदल झाला तो एकाच औषधाच्या पोटात, जेनेरिक मध्ये आलंच नाही. त्रास झाला तो बदलामुळे. औषध नाजूक असेल तर बदल कुठल्या दिशेने झाला याला फार अर्थ नसतो. ब्रँडवरून जेनेरिकवर, जेनेरिकवरून ब्रँडवर किंवा एका जेनेरिकवरून दुसऱ्यावर, जोखीम त्याच जातीची.

जेनेरिक खरोखर नापास झालेलंही एक प्रकरण सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. नैराश्यासाठीच्या ब्युप्रोपिऑनच्या हळू सुटणाऱ्या ३०० मिग्रॅ गोळीचं एक जेनेरिक अमेरिकेत मंजूर झालं होतं ते १५० मिग्रॅच्या गोळीवर केलेल्या चाचणीच्या आधारावर. मोठीही तशीच वागेल असं गृहीत धरलं गेलं. रुग्ण सांगत राहिले की नैराश्य परत येतंय. औषध प्रशासनाने अखेर स्वतः चाचणी केली तेव्हा सर्वोच्च पातळी ब्रँडच्या जेमतेम तीन चतुर्थांश निघाली, आणि २०१२ मध्ये ती गोळी बाजारातून काढण्यात आली. म्हणून हळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत मी जरा जास्त सावध असतो. इनहेलरच्या बाबतीतही, कारण तिथे औषधाबरोबर यंत्र बदलतं आणि ओढण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. इन्सुलिन किंवा प्रतिपिंडांची इंजेक्शनं हा वेगळाच विषय. ती जिवंत पेशींत बनतात, त्यांची हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून त्यांच्या पर्यायांना जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात आणि त्यांच्या चाचण्याही अधिक कडक असतात.

नाजूक औषधं म्हणजे कुठली? ज्यांचा गुण देणारा डोस आणि अपाय करणारा डोस अगदी जवळजवळ असतात ती. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, लेव्होथायरॉक्सिन, फेनिटॉइन, मनोविकारासाठीचं लिथियम, हृदयाचं डिगॉक्सिन, अवयव बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. युरोपात अशा औषधांसाठी ८० ते १२५ ची मर्यादा आवळून ९० ते १११ केली जाते. या यादीबाहेरच्या रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, अ‍ॅसिडिटी, जंतुसंसर्ग यांच्या साध्या गोळ्यांना हा धाक लावायचं कारण नाही. हृदयविकाराच्या औषधांवरचे अभ्यास २००८ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा ब्रँड सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. त्याच लेखकांनी त्याच काळातले ४३ संपादकीय लेखही वाचले आणि त्यांतल्या २३ लेखांनी जेनेरिकने बदल करण्याविरुद्ध सूर लावला होता. पुरावा एकीकडे आणि संपादक दुसरीकडे.

मनाचा भाग उरतो आणि तोही खराच असतो. २००८ च्या एका प्रयोगात ८२ जणांना एकच बनावट वेदनाशामक गोळी दिली. निम्म्यांना सांगितलं ही महागडी आहे, निम्म्यांना सांगितलं किंमत उतरवली आहे. विजेचे हलके झटके देऊन वेदना मोजली. महागडी समजून घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांना दुखणं कमी वाटलं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्के लोकांना. औषध दोघांच्याही गोळीत नव्हतं. तेव्हा ‘मला ब्रँडनेच गुण येतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण ज्यांना आत काय आहे ते ठाऊक असतं ते स्वतः काय घेतात? अमेरिकेत डोकेदुखीच्या गोळ्यांच्या खरेदीचा अभ्यास झाला. सर्वसाधारण ग्राहकांच्या खरेदीत नामांकित ब्रँडचा वाटा २६ टक्के होता, फार्मासिस्टांच्या खरेदीत फक्त ९ टक्के. मीही पॅरासिटामॉल घेताना मोठ्या अक्षरातलं नाव बघत नाही.

वयस्कर माणसाच्या बाबतीत गोळीचं रूप मात्र मी कधीच हलक्यात घेत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध बंद पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. ‘ही आपली गोळी नव्हे’ म्हणून ती बाजूला ठेवली जाते. नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही घेतल्या जातात, आणि हे जास्त वाईट.

आता चिठ्ठीशिवायच्या औषधांकडे येतो. मला खरी काळजी इथली वाटते. औषध चिठ्ठीतून मोकळं करताना साधारण इतकं पाहतात: दुखणं रुग्णाला स्वतःला ओळखता येतं का, थोड्या दिवसांचा उपचार पुरतो का, डोस जरा चुकला तरी निभावतं का, सवय लागण्याचा धोका किती. सगळीकडे उत्तर एकच येत नाही. सिम्वास्टॅटिन १० मिग्रॅ ब्रिटनने २००४ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. उलट कोडीन हा सवय लावणारा घटक असलेल्या वेदनाशामक गोळ्या ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०१८ पासून चिठ्ठीच्या आड नेल्या. कित्येकदा एकच घटक दोन्हीकडे असतो, फरक ताकदीत. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक २०० मिग्रॅ ताकदीत अनेक देशांत मोकळं मिळतं, ६०० आणि ८०० ला चिठ्ठी लागते. तीन छोट्या गोळ्या एकदम घेतल्या की सहाशेच होतात, हे पोटाला आणि मूत्रपिंडाला कळतं, खोक्याला कळत नाही. ‘ओटीसी (चिठ्ठीशिवाय मिळणारं) म्हणजे हलकं’ हा समज तिथे संपतो.

पॅरासिटामॉलचंच घ्या. प्रौढ, निरोगी माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. कृश, यकृत बिघडलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसासाठी त्याहून कमी. तापासाठी ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे ३ ग्रॅम झाले. मग सर्दीची संयुक्त गोळी, तिच्यातही ५०० मिग्रॅ, तीनदा. एकूण साडेचार. रात्री कंबरेसाठी आणखी एक वेदनाशामक, त्यातही तेच. माणसाने डोस चुकवलेला नाही, प्रत्येक खोक्यावरचं लिहिलेलं पाळलं आहे, फक्त तीन खोक्यांतली बारीक अक्षरं एकमेकांशेजारी ठेवून वाचलेली नाहीत. यकृत जाईपर्यंत फारशी लक्षणंही दिसत नाहीत. पहिला दिवस मळमळीवर निभावतो आणि खरं नुकसान दोन-तीन दिवसांनी उघडं पडतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच मोकळं मिळणारं औषध आहे. ब्रिटनने १९९८ मध्ये एका पाकिटातल्या गोळ्यांची संख्याच मर्यादित केली ती यामुळे.

मोठ्या नावाच्या मागे जाण्याचा तोटा जिथे उघड दिसतो असं एक प्रकरण ऑस्ट्रेलियातलं. न्युरोफेन या ब्रँडने पाठदुखी, अर्धशिशी, मासिक पाळीतलं दुखणं आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी अशी चार वेगवेगळी खोकी बाजारात आणली होती, साध्या न्युरोफेनच्या जवळपास दुप्पट दराने. चारही खोक्यांत आयबुप्रोफेन लायसिन ३४२ मिग्रॅ, एकसारखं. वेदनाशामक गोळी रक्तातून सगळीकडे जाते, पाठ शोधत फिरत नाही. २०१५ मध्ये न्यायालयाने ही दिशाभूल ठरवली आणि पुढे दंड ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. याच्या उलटही चालतं: एकाच मोठ्या नावाखाली ‘प्लस’, ‘नाइट’, ‘कोल्ड’ अशी भावंडं आणि प्रत्येकात घटक निराळे.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल माझं मत आधीपासून फारसं चांगलं नाही. तोंडावाटे घ्यायचं फिनाइलएफ्रिन, जे बंद नाकासाठी म्हणून असंख्य गोळ्यांत असतं, ते त्या डोसात उपयोगाचं नाही असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. त्याच्याऐवजी स्यूडोएफेड्रिन असेल तर ते काम करतं, पण रक्तदाब चढवतं. बंद नाकाचे थेंब नाक पटकन मोकळं करतात, पण चार-पाच दिवसांपुढे चालू ठेवले तर नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं. झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री उठल्यावर पाडतात. आणि ताप आलेल्या लहान मुलाला अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. विषाणूच्या तापात त्याने राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात यकृत आणि मेंदू दोन्हींना इजा होते.

दर्जाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. कारखान्यातली लबाडी आणि निष्काळजीपणा खरोखर होतो. एका मोठ्या जेनेरिक कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेत असे गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. पण पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असलेला पदार्थ सापडून २०२० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं, तेव्हा मूळ ब्रँड आणि जेनेरिक, चिठ्ठीचं आणि मोकळं, सगळंच गेलं. दोष त्या रेणूतच होता. परवानाधारक दुकान, पावती, बॅच नंबर आणि न फाटलेलं सील, सामान्य माणसाच्या हातात एवढंच असतं आणि ते दोन्हींना सारखंच लागू आहे.

आता वडिलांच्या गोळ्या.

रक्तदाबाची गोळी साधी असेल, तर त्याच घटकाचं, त्याच ताकदीचं जेनेरिक खुशाल घ्या. पहिले दोन-तीन आठवडे घरी रक्तदाब लिहून ठेवा. डॉक्टरांना ते आकडे उपयोगी पडतात आणि तुमच्याही मनाला आधार राहतो. मात्र तिच्यात ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टान’ असेल आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी काहीही विचारल्याशिवाय देऊ नका. ही तीन प्रकारची औषधं एकत्र आली की मूत्रपिंडात रक्त पोहोचवण्याच्या तिन्ही वाटांवर ताण येतो. उलट्या-जुलाब चालू असताना तर मूत्रपिंड चार दिवसांत बसू शकतं. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का तेही बघा.

थायरॉइडची गोळी ब्रँडची असो वा जेनेरिक, एक धरा आणि तीच चालू ठेवा. बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा, त्याआधी तपासून खरं चित्र कळत नाही. ती रिकाम्या पोटी घ्यायची, आणि कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा अँटासिड तिच्यापासून चार तास लांब. टीएसएच वरखाली होतो तेव्हा दोष कंपनीवर टाकण्याआधी हे तपासा, कारण बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

आकडीच्या गोळीत मात्र दुकानात परस्पर बदल होऊ देऊ नका, विशेषतः ती फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटॉन असेल तर. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर घटकाबरोबर कंपनीचं नावही लिहून घ्या, संपायच्या आठवडाभर आधी मागणी द्या. माल मिळतच नसेल तर डोस चुकवण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची गोळी परवडली, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि रक्तातली पातळी कधी तपासायची ते विचारा. बदलानंतर चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, जास्त झोप येणं किंवा बंद झालेली आकडी परत येणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

आणि एका कागदावर वडिलांच्या सगळ्या औषधांची फक्त घटकनावं आणि ताकद लिहा, चिठ्ठीशिवायच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जीवनसत्त्वं सगळं धरून. पुढच्या वेळी औषधविक्रेत्याने दुसरं खोकं पुढे केलं की कागद काढून बारीक अक्षरं जुळवायची. जुळली तर घ्या, नाही जुळली तर ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं त्याने कितीही सांगितलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.